पाठवणीची शाल

माझ्यासारख्या माणसाने स्वतःबद्दल चार पानं लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, तीही पेन्शनच्या कागदावर, माझे वडील, आबा, जीभ दातांत धरून करायचे ती. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे काय लिहावं आणि कुठे थांबावं याचं वळण मला कुणी लावलेलं नाही. शिवाय या प्रकरणात मी रागावलेला आहे. केस पिकले, जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्याचा बहाणा करावा लागतो, तरी तो राग काही उतरला नाही. रागात लिहू नये म्हणतात. तो नियम पाळला असता, तर हे प्रकरण लिहिण्याची वेळ कधी आलीच नसती.

मी तेव्हा जर्मनीत, हॉलंडच्या सीमेजवळच्या आखनला यंत्रशास्त्राचं मास्टर्स करत होतो. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ओंकार आणि मी राहायचो. ओंकार पुण्याचा, वडील इंजिनीअर, आजोबाही इंजिनीअर, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा तो गाढ झोपू शकायचा. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची आणि तिच्या लेखी रविवारची रुहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ, देवाने स्वतः नेमून दिलेली होती. रविवारी मिक्सर लावायचा नाही, बाटल्यांच्या डब्यात बाटल्या टाकायच्या नाहीत, खुर्ची ओढायची नाही. आणि आम्हाला नेमका रविवारीच खर्डा खायची हुक्की यायची. मग ओंकार मिक्सरला दोन टॉवेल आणि एक रजई गुंडाळून, त्याला कवेत घेऊन जमिनीवर बसायचा, आणि मी बटण दाबायचो. भाकरी मी थापायचो. आईने फोनवरून शिकवलेली भाकरी विजेच्या शेगडीवर फुगायची नाही. नुसता धूर करायची, आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला की ओंकार पंचा फिरवत त्याच्याखाली नाचायचा. आजही कुठे धुराचा अलार्म वाजला की मला आधी ज्वारीच्या पिठाचा वास येतो.

कोथिंबीर स्वस्त मिळायची ती हॉलंडमध्ये. आमच्या दारातून सुटणारी सिटी बस सीमा ओलांडून हॉलंडच्या पहिल्या गावापर्यंत जायची. सीमा म्हणजे काय, तर बसच्या दोन थांब्यांमधली एक जागा. तिथे ना चौकी, ना तार, ना कुणी उभं. खिशातल्या मोबाईलवर 'आपले स्वागत आहे' असा संदेश यायचा, एवढंच. पहिल्यांदा ती ओलांडली तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसलो होतो आणि मला काहीच दिसलं नाही. माझे वडील पायदळात हवालदार होते. अशाच एका रेषेवर त्यांनी डावा कान घालवला. ती रेषा ओलांडून मी कोथिंबिरीची जुडी आणत होतो, आणि का कोण जाणे, मला त्याची लाज वाटायची.

सैन्यात जावं हे माझ्या मनात कधी आलं ते मला पक्कं आठवतं. मी नववीत होतो. आबा मला घेऊन माजी सैनिकांच्या कॅन्टीनला गेले होते. आम्ही रांगेत होतो आणि एक तरुण अधिकारी शेजारून गेला. चोविशीचा असेल, मिसरूडही धड नव्हतं. आबांच्या टाचा जुळल्या. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झालेली, हातात साबण आणि तेलाची पिशवी, आणि तरी पाठ ताठ, मान वर, 'जय हिंद, साब'. तो अधिकारी भला माणूस होता. थांबला, चौकशी केली, खुर्ची पुढे करून 'बैठिए' म्हणाला. आबा बसले नाहीत. तो जाईपर्यंत बसले नाहीत. परतीच्या एस.टी.त मी त्यांना विचारलं, "आबा, बसला का नाही?" ते म्हणाले, "आरं, साब उबा हुता न्हवं." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला. आमच्या घरातलं कुणीतरी खांद्यावर अधिकाऱ्याची चांदणी लावून उभं राहिलं पाहिजे.

पण आबांच्या मनात काय होतं, ते मला कधीच कळलं नाही. त्यांनी मला शिकवलं ते सैन्यात जायला लागू नये म्हणून, की साहेब होऊन जावं म्हणून? हा प्रश्न मी आखनपर्यंत बरोबर आणला होता. तिन्ही दलांच्या तांत्रिक प्रवेशाच्या जाहिराती तेव्हा निघाल्या होत्या, वय निघून चाललं होतं, आणि दुसऱ्या बाजूला नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात प्रबंधासाठी जागा मिळायची बोलणी चालू होती. अर्ज मी उघडायचो आणि बंद करायचो. दर रविवारी आबांशी बोलायचो. भाकरी जमली का, थंडी किती, एवढंच. एका रविवारी खर्डा-भाकरी खाताना मी ओंकारला सांगितलं की मी असा विचार करतोय. 'विचार करतोय' हेच शब्द होते. ओंकार चावायचा थांबला आणि म्हणाला, "भारी आहे यार!" त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने ते कौतुकाने सबनीस काकांना सांगितलं.

सबनीस काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. वीस वर्षांपूर्वी इंजिनीअर म्हणून आलेले, स्वतःचं घर, बागेत कढीपत्ता, जो हिवाळ्यात दिवाणखान्यात येऊन बसायचा. अडल्या विद्यार्थ्याला मदत करणारा माणूस. मलाही पहिल्या महिन्यात त्यांनीच गादी दिली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसांचा राग इतकी वर्षं टिकत नाही.

गणपतीचा कार्यक्रम चर्चच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात होता. हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकाने, कापूर लावायला बंदी केल्यामुळे निरांजनं बॅटरीची होती. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, मुलांची नाटुकली झाली आणि सगळ्यांची नजर मागच्या टेबलावरच्या मसालेभाताकडे वळलेली असताना काका माईकवर आले.

"आल्झो, तर मंडळी, दोन मिनिटं! जेवण पळून जात नाहीये. आज आपल्याला एका तरुणाचा सत्कार करायचाय. इथे आपण सगळे करिअरच्या मागे धावतोय. पण हा मुलगा जर्मनीतली नोकरी लाथाडून भारतीय सैन्यात चाललाय. दिगंबर, ये रे वर!"

मी ताक वाटायच्या कामावर होतो. हातात जग होता. शंभरेक माणसं टाळ्या वाजवत होती, ओंकार मोबाईल धरून उभा होता आणि मला डोळा मारत होता. मी वर गेलो. सत्कार म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. शाल खांद्यावर पडते तेव्हा ज्येष्ठ माणसाचे दोन्ही हात तुमच्या दोन्ही खांद्यांवर असतात, फोटोसाठी ते तसेच राहतात, आणि त्या हातांखालून 'अहो, माझं अजून ठरलेलं नाही' असं म्हणायची सोय आपल्या संस्कृतीत ठेवलेली नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नारळ माझ्या हातात आला. मी वाकून नमस्कार केला आणि 'धन्यवाद' म्हणालो. तेवढ्यात कुणीतरी 'भारत माता की' म्हणालं आणि सभागृह घुमलं. ज्याने ती घोषणा दिली, त्याने गेल्याच महिन्यात जर्मन पासपोर्ट घेतल्याचे पेढे वाटले होते. पासपोर्ट घेणं हा काही गुन्हा नाही. पुढे मीही घेतला. पण त्या दिवशी ते पेढे मला आठवले.

मग जेवणाच्या रांगेत माझी शाखा ठरायला लागली.

"नेव्ही घे तू," सबनीस काका म्हणाले. "पांढराशुभ्र युनिफॉर्म, जगभर हिंडणं. शिवाय इंजिनरूमचा अनुभव इथे परत आलास तरी चालतो."

"छे हो, एअर फोर्स!" नेकारसुल्महून आलेले एक मोटार इंजिनीअर म्हणाले. पानात कोशिंबीर वाढून घेता घेता ते माझ्याकडे वळले. "क्लास असतो त्या लोकांना. काय वाटेल ते कर, फक्त ते पायदळ-बियदळ नको. तिकडे दहावी नापास पोरं जातात, ज्यांना दुसरं काही जमत नाही. तू मास्टर्स आहेस."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले.

सबनीस काकू माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवत म्हणाल्या, "तुझ्या आईचं खरंच कौतुक हो. काळीज लागतं. आमच्या रोहनला तर मी पोहण्याच्या क्लासलासुद्धा एकटं सोडत नाही."

मी पान टेबलावर ठेवलं. माझा आवाज चिरकला, तो अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "माझे वडील पायदळात होते. हवालदार. नववी झाली होती त्यांची."

रांग थांबली. मोटार इंजिनीअर पानातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता निदान कुणाला तरी ओशाळं वाटेल. आणि तेवढ्यात सबनीस काकांनी माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. "अरे वा! मग हे आधी नाही का सांगायचं! रक्तातच आहे की रे तुझ्या! माईकवर बोललो असतो मी!"

आणि पुन्हा टाळ्या.

त्या टाळ्यांचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी शिवी दिली तर उलटून देता येते. पण माझा बाप दोन मिनिटांपूर्वी 'दुसरं काही न जमणारा' होता, आणि दोन मिनिटांनी त्याच तोंडांनी तो 'रक्त' झाला. यातल्या कुणीही, एकानेही, मला विचारलं नाही की बाबा, तुला जायचंय का? त्यांना कुणीतरी जायला हवं होतं. आपल्यातलंच, पण आपल्या घरातलं नको. मी त्यांच्या फार सोयीचा होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी फोन करायच्या आधी आबांचाच आला, आणि ते कधीच स्वतःहून करत नसत. कान गेल्यापासून ते फोनवर ओरडून बोलायचे.

"दिगू, शाल चांगली हाय रं."

ओंकारने व्हिडिओ रात्रीच मंडळाच्या पानावर टाकला होता. तो माझ्या चुलत भावाने बघितला होता, आणि सकाळी दूध घालायला आलेल्या माणसाने आबांचं अभिनंदन केलं होतं. माझ्या बापाला माझा निर्णय दूधवाल्याकडून कळला, जो निर्णय मी घेतलेलाच नव्हता. मी काय काय बोललो ते आठवत नाही. सगळंच बाहेर पडलं. सबनीस काका, कोशिंबीर, दहावी नापास, रक्त. शेवटी म्हणालो, "आबा, मी आता पायदळच घेणार. बघू दे त्यांना."

मागे आई भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता.

"त्यास्नी दावायला जाणार व्हय?" आबा म्हणाले. "म्हंजे त्यांनीच पाठिवलं की तुला. ऐक. मी निगालो तवा सारं गाव यष्टीपातुर आलतं. हलगी काय, हार काय, सरपंचानं शाल घातली. आन् सुटून आलो त्या दिशी कोन हुतं म्हायतीय? कुत्रं बी न्हवतं. ट्रंक डोस्क्यावर घिऊन चालत आलो. तुजी आय शेतात गेल्याली. पाठवायला समदी येत्यात, दिगू. आणायला कोन येत न्हाई."

मी विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्या ओरडाओरडीत विचारून टाकलं. "आबा, तुम्ही मला शिकवलंत कशाला? जायला लागू नये म्हणून, की साहेब व्हावं म्हणून?"

"तुला कुनी पाठवू नये म्हणून," ते म्हणाले. "जायाचं तर तुज्या पायानं जा. न्हाईतर तितंच मोटारी कर. मला दोन्ही चालतंय. खोटं कशाला बोलू, चांदणी बगायची हाय मला. पर त्यो माजा डोळा झाला, तुजा पाय न्हवं."

मग, जणू विषय बदलावा म्हणून, त्यांनी मला बर्फातली एक गोष्ट सांगितली. त्यांची गाडी खिंडीत अडकली होती, मागचा-पुढचा रस्ता बंद, आणि आत बसलेल्यांनी एकमेकांचे पाय पोटाशी धरले होते. तेव्हा खालून एक क्रेनवाली गाडी आली. दुरुस्ती शाखेची माणसं. त्यांना सगळे रिकव्हरीवाले म्हणत. "त्यांस्नी कुनी टाळ्या वाजवत न्हाईत. तोंडं काळी, हातं तेलाची. पर कुटं बी अडका, येत्यात. उभ्या नोकरीत आणायला येणारी तेवढीच बगितली म्या."

फोन ठेवला. खाली घरमालकिणीच्या रेडिओवर चर्चची प्रार्थना चालू होती. ओंकार दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "सॉरी यार," म्हणाला. "व्हिडिओ काढून टाकू?" मी म्हटलं, राहू दे, आता काढून काय होणार. आणि त्याच दुपारी मी अर्ज भरला. नौदल नाही, हवाई दल नाही. भूदल, आणि शाखांच्या पसंतीत सगळ्यात वर, यांत्रिकी दुरुस्तीची शाखा. कुणाला दाखवायला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. मला यंत्रं कळत होती, आणि अडकलेल्याला आणायला जाणारं कुणीतरी व्हावं असं मला वाटलं. चांदणीही हवी होती. ते मी नाकारत नाही.

सुट्टीत भारतात जाऊन निवड केंद्रावरच्या मुलाखती दिल्या. दोरांवर चढलो, खड्ड्यावरून उड्या मारल्या, चित्रं बघून गोष्टी लिहिल्या. एका कर्नल साहेबांनी विचारलं, सैन्यात का? मी सांगितलं, "सर, रिकव्हरी." ते हसले नाहीत, त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. निवडीत पास झालो, वैद्यकीयही पार पडलं. राहिली फक्त अंतिम यादी. जागा थोड्या, नावं पुष्कळ.

आखनला परत आलो तो 'कॅप्टन' होऊनच. संक्रांतीचे तिळगूळ उरले होते ते देताना सबनीस काका "काय कॅप्टन, कधी निघायचं?" म्हणायचे, आणि पाडव्याला ज्यांनी माझं नावही कधी विचारलं नव्हतं, अशा माणसांनी पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सलाम करायला लावला. मी हसायचो. मोटार इंजिनीअरांनी एकदा फोन करून निवृत्तीनंतर लष्करी अधिकाऱ्यांना कंपन्यांमध्ये कसा भाव असतो ते समजावून सांगितलं. मी अजून रुजू झालो नव्हतो आणि या माणसाने मला निवृत्तही करून टाकलं होतं.

यादीचं आबांनीच मनावर घेतलं होतं. माझा क्रमांक त्यांनी पाठ केला होता, आणि रोज सकाळची एस.टी. धरून ते तालुक्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात जायचे. तिथला कारकून संगणकावर यादी लागली का ते बघायचा. मी म्हणायचो, "आबा, मी इथूनही बघू शकतो." ते म्हणायचे, "तू आब्यास कर."

त्या दिवशी मी बसमध्ये होतो. कोथिंबीर संपली होती. जर्मनीतला शेवटचा थांबा मागे पडला, खिशात हॉलंडच्या स्वागताचा संदेश थरथरला आणि त्याच्या पाठोपाठ फोन वाजला.

"दिगू, यादी लागली बग."

"हं."

"तुजं नाव न्हाई त्यात." नेहमीसारखे ओरडून. बसमधली माणसं वळून बघायला लागली. "वरनं खाली बगितली, खालनं वर बगितली. कारकुनाला बी वाचाय लावली. न्हाई."

बस थांबली. दार उघडलं. रिकामी पिशवी हातात घेऊन मी बसूनच राहिलो.

"ऐकतुयास न्हवं? घरी कदी येतुयास त्ये सांग," आबा म्हणाले. "आणायला म्या येतो."